वकील, ट्रेडमार्क आणि प्रवासखर्च: कोपरीकरांना उत्तर

कोपरीकर, नमस्कार.

प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख नीट वाचून लिहिली आहे, त्यामुळे दोन ओळींत उरकत नाही. फुकट वापरता येणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या तिमाही कामांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: सॉफ्टवेअर फुकट, मग देणग्या कशाला? तीन महिन्यांच्या कामात वकील, ट्रेडमार्क, परिषदा, प्रवासखर्च सगळं आहे, कोड तेवढा नाही. शिवाय पैसा बड्या अमेरिकन कंपन्यांचा, म्हणजे मालकीही त्यांचीच. मग वागळे इस्टेटमधल्या तुमच्या वीस जणांच्या कंपनीनं खिशात हात का घालावा?

कोड दिसत नाही, कारण कोड लिहिण्याचे पैसे ही संस्था देतच नाही. तसं धोरणच आहे. लिहिणारे एकतर स्वयंसेवक, नाहीतर आपापल्या कंपनीचे पगारदार. १९९९ मध्ये संस्था काढली तीच कोडभोवतीची लचांडं सांभाळायला. उद्या कुणी कोर्टात गेलं तर नोटीस संस्थेला यावी, घरी बसून कोड लिहिणाऱ्याच्या दारात नको. सोसायटीचा सेक्रेटरी पाण्याची टाकी स्वतः धूत नाही, म्हणून तो रिकामटेकडा ठरत नाही. (आमचा अपवाद सोडा.)

प्रवासखर्चाचं म्हणाल, तर स्वतःच्या पैशानं परिषदेला येणं ज्यांना परवडत नाही त्यांना मदत करायला तिथे वेगळी समिती आहे. त्यात मला तरी काही खटकत नाही.

मालकीचं मात्र पटलं नाही. इथे सदस्य व्यक्तीच होऊ शकते, कंपनी नाही. नऊ संचालक हे सदस्य दरवर्षी निवडतात आणि ते बिनपगारी असतात. प्रायोजकानं कितीही रक्कम ओतली तरी त्याला मत नाही. आता या व्यक्ती नोकरी कुठे करतात हा प्रश्न उरतो, आणि तिथे तुमचा संशय अगदीच अनाठायी नाही. एखाद्या प्रकल्पात एकाच कंपनीची माणसं भरली की वारं कुठून वाहतंय ते कळतं.

पण ज्या अहवालांना तुम्ही कागदी घोडे म्हणालात, ते एकदा उघडून बघाच. प्रत्येक प्रकल्प दर तीन महिन्यांनी संचालक मंडळाला अहवाल देतो. शेवटची आवृत्ती कधी आली, नवा कमिटर (म्हणजे कोडमध्ये थेट बदल करण्याची मुभा असलेला माणूस) शेवटचा कधी घेतला, मंडळानं लक्ष घालावं असं काही आहे का, असा सगळा रुक्ष मामला. मी आधी नव्या माणसाची तारीख बघतो. कारण आवृत्ती काढायला प्रकल्पाच्या समितीतल्या किमान तिघांचा होकार लागतो. तिघं जमेनासे झाले की सुरक्षेची दुरुस्तीसुद्धा अधिकृतपणे बाहेर पडू शकत नाही, आणि प्रकल्प शेवटी बासनात जातो. बंद पडलेल्या प्रकल्पांसाठी तशी वेगळी सोयच केलेली आहे.

डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजेचं प्रकरण आठवा: नोंदी ठेवणाऱ्या अपाचीच्या या जावा लायब्ररीत सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं होतं. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या जावावाल्यांना विसरता येणार नाही. दुरुस्तीच्या २.१५ आवृत्तीनं भागलं नाही, मग २.१६, २.१७, २.१७.१, सगळं त्याच महिन्यात. नोकऱ्या सांभाळून ते काम करणारे मोजके लोक होते आणि जगभरातून शिव्याही तेच खात होते. त्या वेळी ते तिघंही जमले नसते तर?

ही देणगी सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना लावलेल्या सामाजिक खर्चात, बसते का, असंही तुम्ही विचारलंय. नाही बसत. तो खर्च भारतात व्हावा लागतो, आणि निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी, यांतलं काहीच नसेल तर ते कलम तुम्हाला लागूही होत नाही. पैसे इथल्याच कामाला द्यायचे असतील, तर भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना अनुदान देणारी फॉस युनायटेड ही संस्था आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आणि पैसे नकोच असतील तर दुसरं काम सांगतो. सर्व्हरवर टॉमकॅट (जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारं अपाचीचंच सॉफ्टवेअर) आहे असं तुम्हीच लिहिलंय. नव्या आवृत्तीवरचं मतदान साधारण ७२ तास तरी खुलं ठेवतात. तेवढ्यात तुमच्या टेस्टिंगवाल्यांपैकी कुणाला तरी ती तुमच्या ॲप्लिकेशनवर चालवून बघायला सांगा. समितीबाहेरच्यांचं मत मोजणीत धरत नाहीत, पण बग निघाला तर आवृत्ती थांबू शकते.