२५२०चा शोध रामानुजन यांनी लावलेला नाही

‘२५२० ही १ ते १० या सगळ्या अंकांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या, रामानुजन यांनी शोधलेली’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. भाग जातो, हे खरं. ‘एकमेव’ मात्र साफ चूक. २५२०ची दुप्पट करा, ५०४०. तिप्पट करा, ७५६०. दोन्हींना तसाच भाग जातो, आणि अशा संख्यांना अंत नाही. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान. म्हणजेच १ ते १०चा लसावि, जो आपण शाळेतच काढलेला असतो. ५०४०चा हा गुण तर ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने सुमारे २३५० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय. आदर्श नगरात तेवढी कुटुंबं असावीत, असं त्याचं म्हणणं.

मेसेजमधला आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने = २५२०, हा गुणाकार बरोबर आहे. पण त्यातून निघतं काय? आणि ३१ दिवसांच्या महिन्यांचं काय करायचं?

रामानुजन यांचं खरं काम याहून कितीतरी रंजक आहे. १९१५च्या शोधनिबंधात त्यांनी अशा संख्यांचा अभ्यास केला, ज्यांचे विभाजक त्यांच्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त आहेत. ४८ विभाजकांची २५२० त्या यादीत आहे, पण अनेकांपैकी एक म्हणून. यादी थेट ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, आणि या संख्येचे विभाजक तब्बल १०,०८०. हाताने केलेल्या त्या यादीत एक संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००. फॉरवर्ड करायचंच तर हे करा.