अवकाशाला फरशा बसवल्यात का?

घाटकोपरकर, नमस्कार.

तुमची तक्रार अशी, की 'अवकाश आणि काळ सलग की तुकड्यांचे, हे अजून ठरलेलं नाही' असं लिहून मी हात झटकले. तुमच्या मते, प्लांक लांबी हे अतिसूक्ष्म अंतर हाच अवकाशाचा पिक्सेल, म्हणजे सर्वांत लहान तुकडा, हे कधीच सिद्ध झालंय. शिवाय स्टेशनवरच्या इंडिकेटरचा माझा दाखला फसवा होता.

दुसरं आधी कबूल करतो. इंडिकेटर मिनिटामिनिटाने उडी मारतो, गाडी मात्र सलग येते, असं मी लिहिलं. गाडी सलग येते का, हाच तर वाद होता!

पहिलं मात्र पटत नाही. गुरुत्व स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि स्वतःचा, क्वांटम जगाचा स्थिरांक यांची सांगड घालून जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकने १८९९ मध्ये लांबीचं एकक काढलं. त्याचं आजचं रूप मीटरमध्ये लिहायचं तर दशांशचिन्हापुढे ३४ शून्यं आणि मग १६. पण त्याच तिघांतून वस्तुमानही निघतं : सुमारे २२ मायक्रोग्रॅम. हा वस्तुमानाचा सर्वांत लहान दाणा म्हणायचा का? इलेक्ट्रॉन सोडाच, हवेत तरंगणारी धूळही याहून हलकी. मग लांबीलाच पिक्सेलचा मान कशाला? एवढ्या बारीक अंतरात डोकवायला इतकी ऊर्जा एकवटावी लागते, की कृष्णविवरच तयार व्हावं. तिथे मोजमाप अडतं, असं म्हणता येईल. अवकाश तुटतं असं नाही.

आणि चौकोनी पिक्सेल तर नकोच. चाळीच्या खोलीत दहा बाय दहा फरशा आहेत असं धरा. बाजूने मोजल्या तर १०, कर्णावर मोजल्या तरी १०! पायथागोरस म्हणतो १४.१४. फरश्या कितीही बारीक करा, हा घोळ सुटत नाही. हरमान वाइल या जर्मन गणितज्ञाचा हा आक्षेप मला अजूनही सगळ्यांत आवडतो.

आपल्या शिरपूरच्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये मांडलेल्या नव्या चलांवर (समीकरणांतल्या राशींवर) उभा राहिलेला लूप क्वांटम गुरुत्व हा, गुरुत्व आणि क्वांटम यांची सांगड घालू पाहणारा सिद्धांत क्षेत्रफळ पायऱ्यापायऱ्यांनी येतं असं सांगतं. पण त्या मोजणीच्या शक्य किंमती, जमिनीवर बसवलेल्या फरशा नव्हेत. आणि प्रयोगाचा शिक्का अजून नाही. २००९ मध्ये फर्मी या अवकाश दुर्बिणीने दूरच्या एका गॅमा किरण स्फोटातून सात अब्ज वर्षांहून जास्त प्रवास करून आलेला एक अतिऊर्जावान फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, टिपला. तो स्फोटाच्या बाकीच्या प्रकाशाशी सेकंदाच्या आतबाहेरच पोचला. अवकाश दाणेदार असल्याने ऊर्जेनुसार प्रकाशाचा वेग बदलेल असं मानणारी साधी प्रारूपं त्यात अडचणीत आली. सगळी नव्हे.

आधी अर्धं अंतर, मग उरलेल्याचं अर्धं, असं करत कुणी कधी पोचणारच नाही, हे ग्रीक तत्त्वज्ञ झेनोचं कोडं. ते सोडवायला अवकाशाचे दाणे लागत नाहीत. अनंत श्रेणीची बेरीज पुरते.

इंडिकेटरचं वाक्य आज काढतो. त्या जागी फरशा टाकेन म्हणतो. तोवर तुमच्या घरच्या मोजून बघा.