रक्तगट एक म्हणून लग्न मोडायचं?

मावसबहिणीचं लग्न ठरलंय. दोघांचाही गट बी पॉझिटिव्ह. परवा रात्री मावशीचा रडवेल्या आवाजात फोन. तिला आलेला मेसेज असा: नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मूल होत नाही, झालंच तर व्यंग असतं, एकच गट म्हणजे भाऊ-बहीणच, ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं, आहार गटानुसार घ्यावा. हाच मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि आता तो एक ठरलेलं लग्न मोडायला निघालाय.

मूल न होण्याची गोष्ट सरळ उलटी सांगितली आहे. रक्तगटामुळे गरोदरपणात जी गंभीर अडचण येते, ती गट वेगळे असताना येते. आई आरएच निगेटिव्ह (गटाच्या नावापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ते हेच), वडील पॉझिटिव्ह आणि बाळही पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतं. पहिलं मूल बहुधा सुखरूप असतं. पुढच्या खेपेला ती प्रतिपिंडं वारेतून पलीकडे जातात आणि पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. मग रक्तक्षय, तीव्र कावीळ, कधी पोटातच मृत्यू. मेसेज लिहिणाऱ्यानं हेच कुठेतरी अर्धवट ऐकलं असणार, एवढं मान्य करते. पण दोघंही पॉझिटिव्ह असतील तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

आणि आई निगेटिव्ह असली म्हणून तरी लग्न का मोडायचं? ही प्रतिपिंडं बनूच न देणारं अँटी-डी इंजेक्शन 1968 पासून वापरात आहे. साधारण 28व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत आणखी एक. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 6 चाचण्या आहेत, 10,000हून जास्त स्त्रियांच्या. बाळंतपणानंतर इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये सहा महिन्यांनी प्रतिपिंडं आढळण्याचा धोका सुमारे 96 टक्क्यांनी कमी होता.

भाऊ-बहीण? ए आणि बी गटाच्या आईवडिलांना चारही गटांची मुलं होऊ शकतात. सख्ख्या भावंडांचे गट वेगळे, तर सारख्या गटाचे परके भावंडं कसे?

ओ गटाबद्दल थोडं खरं आहे. जीव जात असेल आणि गट कळायला वेळ नसेल, तर ओ निगेटिव्हच्या तांबड्या पेशी देतात. फक्त पेशी. ओ गटाच्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तातल्या द्रवात, ए आणि बी दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडं असतात. प्लाझ्मा सर्वांना चालतो तो एबीचा. शिवाय डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली 'लॅन्सेट'मध्ये नोंदवलेला बॉम्बे गट आहे. नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. म्हणून वेळ असेल तेव्हा क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का याची तपासणी, केल्याशिवाय रक्त चढवत नाहीत.

गटानुसार आहाराला 2013च्या आढाव्यात एकही पुरावा सापडला नाही.

मावशीला म्हटलं, लग्नाआधी रक्त तपासायचंच असेल तर दोघांची थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करा. दोघंही वाहक (स्वतःला तीव्र आजार नाही, पण त्याचा दोष मुलांकडे जाऊ शकतो असे) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि त्या मेसेजमध्ये याचा एक शब्दही नाही. तिनं लिहून घेतलंय.