थंडीत लॉन पिवळं पडलं म्हणून युरिया टाकू नका

व्हॉट्सअपवर फिरतंय की डिसेंबरात लॉन पिवळं पडलं की युरिया मारा आणि रोज पाणी द्या, म्हणजे उन्हाळ्याआधी हिरवंगार होतं. हे चूक आहे. पुणे-नाशिककडे रात्री १० अंशांच्या आसपास गेल्या की हरळीची (लॉनमध्ये लावतात ते गवत) वाढ जवळजवळ थांबते, गवत मेलेलं नसतं, एक काडी बुडाशी सोलून बघा, आत पांढरट-हिरवी आणि ओढली तरी सहज उपटत नसेल तर जिवंत आहे. अशात युरिया गवताला फारसा लागतच नाही, तणच फोफावतं, आणि संध्याकाळचं रोजचं पाणी म्हणजे बुरशीला आमंत्रण. पाणी सकाळी द्या, माती वरून सुकल्यावरच. आत्ता फक्त तण मुळासकट काढा, पाचोळा उचला, अगदी बुडापर्यंत कापू नका प्लीज. खत फेब्रुवारीअखेर, नवे कोंब दिसले की.