नाकाचा जमाखर्च

माझ्या नाकाबद्दल आजवर कुणी बरा शब्द काढलेला नाही. त्यामुळे समोरच्या बिल्डिंगमधली, ईएनटीचं पीजी करणारी मुलगी जेव्हा म्हणाली, "काका, माझ्या थीसिससाठी तुम्ही अगदी आयडियल केस आहात," तेव्हा मी फॉर्म न वाचताच सही करायला निघालो. तिनेच थांबवून वाचायला लावला. अ‍ॅलर्जीच्या सर्दीत नाकाच्या आत जी धुसफूस चालते, ती आतल्या पाण्यातून मोजायची होती.

पहिली अट, सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी आठवडाभर बंद. मी नुसता शिंकत होतो, आठवडा काढला तो घरच्यांनी. आमच्याकडे बाहेर पडताना कुणी शिंकलं की घोटभर पाणी पिऊन जरा टेकायची पद्धत आहे. त्या आठवड्यात सासूबाई उंबरा ओलांडूच शकल्या नाहीत.

आणि चाचणीच्या दिवशी? एरवी मोहरी तडतडली की वाहणारं नाक ठणठणीत कोरडं!

"हरकत नाही, आपण धुऊन काढू."

धुऊन काढायचं म्हणजे मान मागे टाकायची, नाकपुडीत ५ मिली सलाइन घ्यायचं, श्वास रोखायचा, गिळायचं नाही आणि दहा आकडे मोजायचे. पाणी घशात उतरू नये म्हणून 'क' म्हणायच्या बेतात जीभ मागे टेकवून ठेवायची. सहाव्या आकड्याला आतून गुदगुल्या सुरू होतात आणि 'क'चा 'ख्यॅक' होतो. बरंचसं वाडग्यात पडलं, उरलेलं तिच्या अ‍ॅप्रनवर.

"यात सलाइन किती आणि काका किती, तेच कळत नाही," असं म्हणत तिने शोषकागदाची बारीक पट्टी काढली. ती आधी वजन करून नाकात आतल्या उंचवट्यावर ठेवायची, भिजली की पुन्हा वजन करायचं. फरक मिलिग्रॅममध्ये! घरी टॉवेल पिळावे लागतात, ते सगळं शास्त्राच्या दरबारात मिलिग्रॅमवर आलं.

मग नाकात धुळीतल्या किड्यांचा अर्क फवारला. हे किडे आपल्या गाद्या-उशांत राहतात, म्हणजे घरभाडं न देता. काही मिनिटांत शिंकांची माळ लागली. तिथल्या मास्ट पेशी, म्हणजे अ‍ॅलर्जीत आधी खवळणाऱ्या पेशी, हिस्टामिन आणि ट्रिप्टेज ही रसायनं सोडतात, ते तेव्हाच टिपून घ्यायचं. पण इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी काही तासांनी येतात, मुहूर्त टाळून थेट पंगतीला हजर होणाऱ्या पाहुण्यांसारख्या. त्यांच्यासाठी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिलो. शेवटी तिने स्लाइड रंगवून दाखवली. केशरी-गुलाबी दाण्यांनी भरलेल्या गोल पेशी. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने त्या १८७९ मध्ये ओळखल्या म्हणे. दिसायला देखण्या आहेत, मानलं पाहिजे.

नमुने गेले उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. आमच्या फ्रीजमध्ये माझ्या आइस्क्रीमला जागा मिळत नाही, आणि शेंबडाची ही बडदास्त! तपासणीच्या प्लेटला ९६ खळगे असतात. तेवढी नाकं जमेपर्यंत थांबणं आलं. साध्या दवाखान्यात यातलं काही करत नाहीत. तिथे डॉक्टर हकीकत ऐकतात, हातावर टोचून बघतात किंवा रक्तातलं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड, तपासतात. हे सगळं संशोधनासाठी.

दरम्यान रोज एक तक्ता भरायचा होता. शिंका, वाहणं, खाज, चोंदणं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मी सगळीकडे तीन देत होतो. अखेर रिपोर्ट आला.

"काका, ट्रिप्टेज तसं बेताचंच आहे."

"मग एवढा गाजावाजा कशासाठी?" हिने लगेच विचारलं.

आतली सूज आणि माणसाची तक्रार यांचा मेळ दरवेळी बसतोच असं नाही, हे त्या पोरीने हिला खूप समजावलं. हिने ऐकून घेतलं, तक्ता ओढून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "यात शेजारी झोपणाऱ्याचा रकाना कुठंय?"

पोरीने ते वहीत टिपून घेतलं. गाइडना विचारते म्हणाली.