तिसरी पिन कापू नका

मंगळवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला फोंड्याहून मामाचा फोन आला. "अगो, पक्कड मिळाली. ही अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगाची वरची जाडी पिन मुळापासून कापू की अर्धी ठेवू?"

मी आधी त्याला प्लग बोर्डावरून काढायला लावला, मग पक्कड खाली ठेवायला लावली, आणि मग विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला होता. "घरच्या घरी अस्सल संगीत : जाणकारांची नऊ गुपितं." त्याच आठवड्यात तो मला म्हापशाहून मावशीने पाठवला आणि ऑफिसातल्या एकानेही. खाली कुणाचा तरी मोबाइल नंबर आणि अठरा हजारांच्या स्पीकर केबलची जाहिरात.

मामा पंच्याहत्तरीचा आहे. त्याच्याकडे आजोबांच्या वेळच्या लाखेच्या तबकड्या आहेत, स्वतः हौसेने घेतलेल्या एलपी (विनाइलच्या मोठ्या तबकड्या) आहेत, दोन खण भरून सीडी आहेत, आणि गेल्या दिवाळीत मी त्याला वायफायवर गाणी वाजवणारा छोटा स्ट्रीमर जोडून दिला. सगळं एकाच अ‍ॅम्पला, स्पीकरच्या एकाच जोडीला. उत्तम चाललं होतं. त्या मेसेजने एका संध्याकाळीत त्याला या सगळ्याची धास्ती घातली, म्हणून हे लिहिते आहे. नऊही मुद्द्यांना सारखी जागा देणार नाही, कारण त्यातल्या एकाने माणूस दगावू शकतो. तोच आधी घेते.

"स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर प्लगची तिसरी पिन कापून टाका. ती फक्त आवाज बिघडवते."

वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ते उगाच नाही. प्लग खुपसताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी, म्हणून ती तशी केलेली असते. तिच्यामार्फत मशीनचा धातूचा डबा जमिनीशी जोडलेला राहतो. आत ट्रान्सफॉर्मरचं आवरण जळलं, उंदराने वायर कुरतडली, एखादी तार सुटून डब्याला टेकली, की डब्यात २३० व्होल्टचा करंट उतरतो. अर्थिंग शाबूत असेल तर तो त्या वाटेने निघून जातो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो, आणि काहीतरी बिघडलंय हे आपल्याला कळतं. पिन कापलेली असेल तर काहीच कळत नाही. डब्यात करंट असतो आणि गाणं चालूच राहतं.

शिवाय तो करंट एकाच डब्यात राहत नाही. अ‍ॅम्पपासून रेकॉर्ड प्लेअरकडे, सीडी प्लेअरकडे, स्ट्रीमरकडे ज्या लाल-पांढऱ्या वायरी जातात, त्यांचं बाहेरचं जाळीचं आवरण बहुतेक मशीनमध्ये डब्याशीच जोडलेलं असतं. म्हणजे दोष अ‍ॅम्पमध्ये, आणि झटका तबकडीवर सुई ठेवायला गेलेल्या हाताला. आमच्याकडे जुलैत लादीला पाणी सुटतं. घरात माणूस अनवाणी वावरतो. जुन्या घरांतल्या बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला असतोच असं नाही. मामाच्या घरी नाही. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवा आणि तो मेसेज पुन्हा वाचा.

आता जे मान्य करायला हवं ते करते, नाइलाजाने. पिन कापल्यावर घूं आवाज पुष्कळदा खरंच थांबतो. दोन मशीन दोन वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेली असली, की त्या वाटांचं एक वेटोळं तयार होतं आणि त्यात विजेच्या ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांचा, आवाज शिरतो. पिन गेली की वेटोळं तुटतं, आवाज जातो. म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षं टिकून आहे. करून बघणाऱ्याला लगेच गुण येतो आणि तो पुढे चार जणांना सांगतो.

घूं आवाज थांबवायला पिन कापावी लागत नाही. रेकॉर्ड प्लेअरच्या मागून लाल-पांढऱ्या वायरींबरोबर एक बारीकशी तिसरी तार निघते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असलेली. ती अ‍ॅम्पमागच्या 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूखाली आवळायची असते. ती सुटली असेल तर घूं येणारच. ती नीट असेल तर सगळी मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरीही आवाज असेल तर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढून बघा. आवाज गेला तर चोर तोच, आणि त्या केबलसाठी आयसोलेटर, म्हणजे वेटोळं तोडणारा छोटा जोड, मिळतो. मी फोनवर मामाला टॉर्च घेऊन मागे बघायला लावलं. चवथीआधी रंगकाम करायला कपाट सरकवलं होतं तेव्हा ती बारीक तार निसटून खाली लोंबत होती. स्क्रू आवळला, आवाज बंद. दहा मिनिटं लागली, त्यातली सात चष्मा शोधण्यात गेली.

"मग माझ्या सीडी प्लेअरला तिसरी पिन कुठाय?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. काही मशीन दुहेरी आवरणाची बनवलेली असतात. त्यांच्या पाठीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं आणि ती कारखान्यातूनच दोन पिनांची येतात. ज्याला तीन दिल्यात त्याला तीनच ठेवायच्या.

"पावसाळ्यात तबकडीवर बुरशी आली तर खोबरेल तेलाचा हात फिरवून कोवळ्या उन्हात ठेवा. तेल नसेल तर सॅनिटायझर."

हे वाचून मला रडू यायचं बाकी होतं. खोबरेल खाचांत बसतं, धूळ धरतं, सुईला चिकटतं आणि बुरशीला खायला घालतं. ऊन कोवळं असलं तरी काळी तबकडी तापते आणि वाकडी होते. वाकलेली तबकडी घरच्या घरी सरळ करणं कठीण. सॅनिटायझरने तर कहरच. जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या मुख्यतः लाखेवर केलेल्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचर करणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा, चपडी लाख स्पिरिटमध्ये टाकूनच तो पॉलिश तयार करतो. म्हणजे सॅनिटायझर चोळला की गाण्याचंच पॉलिश होणार. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ मध्ये, त्याच वर्षी गायिका गौहर जान यांचंही झालं, आणि त्या जुन्या तबकड्यांतल्या कितीतरी आज कुणाच्या तरी माळ्यावर एकुलत्या एक प्रतीच्या रूपात असतील. एका मेसेजपायी त्या पुसल्या जाऊ नयेत.

लाखेच्या तबकडीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड खाचांच्या दिशेने गोल फिरवायचं, मधला कागद भिजू द्यायचा नाही, लगेच टिपून सावलीत पंख्याखाली उभी वाळवायची. एलपीला हेच चालतं. चिऱ्याच्या भिंती पाऊस पितात, म्हणून तबकड्यांचं कपाट पावसाच्या झडीकडच्या भिंतीपासून हातभर दूर हवं. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या दर महिन्याला वाळवाव्यात. एवढंच.

आणि हो, ७८ च्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेच्या साधारण तिप्पट रुंद असते. तिला वेगळी सुई लागते. मेसेजमधलं "चांगली सुई सगळीकडे चालते" हे साफ चूक आहे.

"रेकॉर्ड ४३२ हर्ट्झवर वाजते, मोबाइल ४४० वर. ४४० ने रक्तदाब वाढतो."

मामा रक्तदाबाची गोळी घेतो. हे वाचल्यापासून त्याने रात्री स्ट्रीमर लावणं बंद केलं होतं. झोपताना ऐकायचं नाट्यसंगीत बंद, तेही कशामुळे, तर ज्याला आपल्या संगीतात जागाच नाही अशा एका आकड्यामुळे.

४४० हा पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या 'ए' या स्वराचा आकडा आहे. १९३९ साली लंडनच्या परिषदेत तो ठरला, म्हणजे सगळ्यांची वाद्यं एकमेकांशी जुळावीत. तो वाद्य जुळवण्याचा आकडा आहे. तबकडी, सीडी, मोबाइल यांचा त्याच्याशी संबंध नाही. गायिका ज्या स्वरात गायली तोच स्वर तिन्हींतून येतो. आणि आपल्याकडे सा कुठे ठरलेला असतो? कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी पांढरी चारमध्ये, कुणी काळी चारमध्ये. तानपुरा गळ्याप्रमाणे लागतो. ज्या मंडळाच्या ग्रुपवर हा मेसेज फिरला, तिथे पेटीवाला दर बारीला बुवांना विचारतो, "कितीत?" त्यांच्यातल्या एकालाही हा प्रश्न पडू नये याचं मला खरंच वाईट वाटलं.

४४० आणि ४३२ मध्ये दोन टक्क्यांहून कमी फरक आहे. टर्नटेबलचा पट्टा सैल पडला की स्वर तेवढा आपोआप उतरतो. उतरलाय असं कानाला जाणवलं तर पट्टा बदला.

"नासाने केसरबाईंचं गाणं रेकॉर्डवर पाठवलं, कारण डिजिटल टिकत नाही."

इथे मामाची मान ताठ झाली, आणि व्हायलाच हवी. केसरबाईंचं केरी गाव त्याच्या घरापासून जवळ. गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरून निघाली, हे शंभर टक्के खरं. पण सीडी बाजारात आली १९८२ मध्ये, म्हणजे तेव्हा निवडायला ती नव्हतीच. ती तबकडीही आपल्या एलपीसारखी नाही, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची आहे आणि मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांची. आणि त्याच यानांवर डिजिटल टेप रेकॉर्डर बसवलेला होता. गुरू-शनीची चित्रं पृथ्वीवर आली ती डिजिटल संदेशांतूनच. केसरबाईंचं नाव घेऊन खोटं सांगू नये.

"डिजिटलमध्ये आवाजाच्या पायऱ्या होतात, खरा आवाज मरतो."

यावर मी मामाला एकच गोष्ट सांगितली. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मायर आणि मोरन या दोघांनी केलेली चाचणी छापून आली. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा थेट वाजवायचं, एकदा मध्येच सीडीच्या दर्जाला, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झला उतरवून. कुठलं कुठलं ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातली मंडळी होती, हौशी कानसेन होते. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवूनही एवढीच बरोबर येतात. नंतर २०१६ मध्ये अशा बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. म्हणजे अगदी शून्य फरक असं मी म्हणणार नाही. पण ज्या फरकासाठी शंभरात बावन्न वेळा बरोबर उत्तर येतं, त्याला "आवाज मरतो" म्हणत नाहीत. पायऱ्यांचं तर चित्रच चुकीचं आहे; डिजिटलमध्ये आवाज सुट्या ठिपक्यांत नोंदलेला असतो, आणि बाहेर पडताना त्या ठिपक्यांतून पुन्हा अखंड लहर तयार होते. मामाला तबकडीचा आवाज उबदार वाटतो, तर त्याने तबकडी ऐकावी. ती त्याची आवड आहे. त्यासाठी सीडी मोडीत काढायची गरज नाही.

केबलचं थोडक्यात, कारण मेसेजचा जन्मच त्यासाठी झालेला दिसतो. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर, स्पीकर अ‍ॅम्पपासून पाच मीटर दूर, जाऊन-येऊन दहा मीटर. तिचा रोध साधारण ०.०७ ओम. स्पीकर आठ ओमचा. शंभरातला एक हिस्साही त्या वायरीत जात नाही. अठरा हजार वाचवा, त्यातल्या थोड्या पैशांत नवी सुई घ्या आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा.

"रेकॉर्डचा आवाज बारीक येतो, अ‍ॅम्प बदला." नको. रेकॉर्ड प्लेअरची वायर 'फोनो' लिहिलेल्या जागी लावा. तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो फोनोमध्ये परत उचलला जातो. 'ऑक्स' लिहिलेल्या जागी लावलं तर कोरडं, किरटं ऐकू येणारच. फोनोची जागाच नसेल तर छोटा फोनो प्रीअ‍ॅम्प वेगळा मिळतो.

"सीडी दहा वर्षांत पुसली जाते" यात अर्धं तथ्य आहे. घरी कॉम्प्युटरवर लिहिलेल्या सीडी आमच्या हवेत खरोखर दगा देतात, त्यांची प्रत आजच करून ठेवा. कारखान्यात छापलेल्या तशा मरत नाहीत. मामाच्या नव्वदच्या दशकातल्या सीडी आजही वाजतात.

स्ट्रीमिंगबद्दलही एक गोष्ट मान्य. ब्लूटूथवर आवाजाची माहिती पुन्हा दाबून लहान केली जाते, म्हणून मी स्ट्रीमर वायफायवर ठेवून अ‍ॅम्पला वायरने जोडला. आणि आजोबांच्या तबकड्यांतली काही पदं मला कुठल्याच अ‍ॅपवर सापडली नाहीत. जी सापडली त्यातल्या काहींची खरखर इतकी धुतली आहे की मागची सारंगीही गेली. तबकड्या जपायच्या त्या यासाठी.

राहिलेला नववा मुद्दा स्पीकरवर लिंबू-मिरची बांधण्याचा होता, तो सोडते.

ज्यांनी हा मेसेज वाचून पिन आधीच कापली आहे, त्यांनी ते मशीन आत्ता बोर्डावरून काढून ठेवा. वायरमनला बोलवा, नवा तीन पिनांचा प्लग बसवून घ्या, आणि तो आलाच आहे तर तुमच्या बोर्डाच्या वरच्या भोकाला खरंच अर्थिंग पोचलंय का, तेही त्याच्याकडून तपासून घ्या. मामाकडे वायरमन शनिवारी येतोय, ईएलसीबी घेऊन.