दोन मुलं झाल्यावर ऑपरेशन कुणी करायचं?

स्त्रीवादाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येक विवाहित पुरुषाला हे विचारायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं की देशातली ३७.९ टक्के जोडपी बायकोच्या नसबंदीवर विसंबून आहेत आणि नवऱ्याच्या नसबंदीवर फक्त ०.३ टक्के. ज्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या महाराष्ट्रातही चित्र फारसं निराळं नाही.

दोन्ही ऑपरेशनं सारखी असती तरी हा अन्यायच होता. पण ती सारखी नाहीत. बाईच्या पोटाला छेद द्यावा लागतो. दुर्बिणीने केलं तरी पोटात हवा भरून आत शिरावं लागतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरानंतर १३ बायका दगावल्या. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत पोटाला हातही लागत नाही. तेवढीच जागा बधिर करतात, अंडकोशाच्या कातडीला बारीक छिद्र पाडतात, दोन्ही बाजूंच्या वीर्यनलिका त्यातूनच बाहेर घेऊन कापतात, बांधतात आणि परत आत सोडतात. वीसेक मिनिटांचं काम. माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. दोन दिवस विश्रांती, घट्ट चड्डी किंवा लंगोट, आठवडाभर सायकल आणि जड ओझं बंद. थोडी सूज, थोडं दुखणं येतं. सूज वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला तर लगेच दवाखाना गाठायचा.

‘कमजोरी येते’ ही भीती निराधार आहे. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात जातं, या नलिकेतून नाही. वीर्याचा बहुतेक भाग वरच्या ग्रंथींतून येतो, त्यामुळे वीर्यपतनही पूर्वीसारखंच होतं. फक्त त्यात शुक्रजंतू नसतात.

घोटाळा होतो तो नंतर. कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य दिसल्याशिवाय निरोध सोडायचा नाही. बरेच जण तपासणीला फिरकतच नाहीत. मधल्या काळात दिवस गेले की बोट बायकोकडे. पुरुषाने आळस करायचा आणि चारित्र्याचा हिशेब तिने द्यायचा! क्वचित नलिका आपोआप पुन्हा जोडली जाते, हेही ठाऊक असू द्या. असं काही झालं तर आधी स्वतःचं वीर्य तपासा, तिची उलटतपासणी नको.

ऑपरेशन कायमचं समजूनच करा. नलिका परत जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नसते. गुप्तरोगांपासूनही संरक्षण मिळत नाही.

विरोध बहुतेकदा घरातूनच होतो. ‘तो कमावता आहे, त्याला जड कामं असतात,’ असं आईच म्हणते. हंडे आणि सरपण वाहणारी सून मात्र टाके घालून महिन्याभरात कामाला लागते, तेव्हा कुणी अडवत नाही. आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती खरी होती, पण त्या सक्तीची किंमत पुढची पन्नास वर्षं बायकांनीच का मोजावी?

आशाताई घरी येतात तेव्हा नवरा सहसा कामावर असतो आणि बोलणं सुनेशीच होतं. त्यामुळे पुरुषाने स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारायचं, ‘एनएसव्ही’चे (म्हणजे याच बिनटाक्याच्या नसबंदीचे) प्रशिक्षित डॉक्टर कुठे आणि कोणत्या वारी असतात. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, तेव्हा ही माहिती सहज मिळते. आणि हे सगळं बायकोच्या बाळंतपणाची तारीख येण्याआधी करा. प्रसूतीच्या खाटेवरच ‘आता हिचंही उरकून टाकू’ असं ठरतं, तेव्हा तिला विचारायला कुणाला सवड नसते.